‘ग्रीन’ घराचे प्रमाणपत्र : ते मिळते कसे आणि वाचायचे कसे



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात घरांची मोठी उलथापालथ झाली आहे. फालका बाजार, दौलतगंज, छत्री बाजार आणि आपल्या कंपूतलीही जुनी एकत्र घरे वाटण्या होऊन विकली जात आहेत. त्या पैशातून कोणी सिटी सेंटरला फ्लॅट घेतो, कोणी सिरोल रस्त्याला. ज्यांची मुले नोकरीसाठी पुण्याकडे गेली, ते तिकडे वाकड, पिंपरी, चिंचवड भागात घर बघतात. अशा घरांच्या रंगीत पुस्तिकेवर हल्ली एक हिरवे पान हमखास छापलेले असते. खाली लिहिलेले असते, ‘ग्रीन होम’, ‘प्री-सर्टिफाइड गोल्ड’, ‘पर्यावरणपूरक संकुल’. पालक सभेनंतर असे कागद आमच्यासमोर ठेवून विचारणारे पालक आता नेहमीचे झाले आहेत. प्रश्न एकच असतो, ‘हे खरे असते का? आणि या पानासाठी जास्त पैसे मोजावे का?’

आम्ही काही इंजिनिअर नाही. परंतु प्रमाणपत्र म्हणजे शेवटी गुणपत्रिकाच, आणि गुणपत्रिका वाचणे हे तर आमचे रोजचे काम. गुण कोणी दिले, कितीपैकी दिले, कोणत्या विषयात दिले आणि परीक्षा प्रत्यक्ष झाली की अजून व्हायची आहे, हे चार प्रश्न विचारले की पुष्कळ उलगडते. या वेळच्या पाठात आपण तेच करणार आहोत.

गुण देणारे कोण?

पहिली गोष्ट अशी की आपल्या देशात घरांना ‘ग्रीन’ म्हणणारी एकच सरकारी कचेरी नाही. नगर निगम नक्शा पास करते, पण तारे देत नाही. तारे देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत आणि बांधणारा स्वतःहून, फी भरून त्यांच्याकडे जातो.

त्यांतली एक ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’. उद्योगपतींच्या ‘सीआयआय’ या संघटनेच्या पुढाकाराने ती २००१ साली सुरू झाली. तिचे ठिकाण हैदराबाद. तेथील ‘सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर’ या इमारतीला २००३ साली अमेरिकेतल्या ‘लीड’ या पद्धतीचा सर्वोच्च प्लॅटिनम दर्जा मिळाला. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत. २००४ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्या इमारतीत ऊन गाळून हवा आणि उजेड आत घेण्यासाठी जाळीच्या भिंती आहेत. आपली मुले हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर सहलीला जातात तेव्हा शेजारी मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या पाहतात. युक्ती तीच, फक्त आपल्या गावात ती चारशे वर्षांहून जुनी आहे! या कौन्सिलची घरांसाठी वेगळी गुणपद्धती आहे. तिच्यात सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे चढते दर्जे आहेत.

दुसरी पद्धत पूर्ण देशी, तिचे नाव ‘गृह’. खरे तर हे ‘ग्रीन रेटिंग फॉर इंटिग्रेटेड हॅबिटॅट असेसमेंट’ या लांबलचक नावाचे लघुरूप आहे, पण नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत असावे. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने ती तयार केली आणि २००७ साली केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ती राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली. हिच्यात एक ते पाच तारे असतात. देशातली ‘गृह’चे तारे मिळवणारी पहिली इमारत आपल्यापासून फार लांब नाही. ती आहे कानपूरच्या आयआयटीतील पर्यावरण विज्ञान केंद्राची, आणि तिला पाचही तारे मिळाले. कानपूरचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगितले. अडीच हजार चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी ‘गृह’चीच धाकटी पद्धत आहे, ‘स्वगृह’.

तिसरी ‘एज’. जागतिक बँकेच्या गटातल्या ‘आयएफसी’ या संस्थेची ही पद्धत हिशेबाला सर्वांत सोपी आहे. नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत वीज, पाणी आणि बांधकामाचे सामान, या तिन्हीत किमान २० टक्के बचत दाखवली तर प्रमाणपत्र मिळते, नाही तर नाही.

म्हणजे पुस्तिकेवर नुसते पान छापलेले असेल आणि यांपैकी कोणाचेच नाव नसेल, तर ते पान छापखान्यात उगवलेले आहे असे समजावे.

फाइल कशी पुढे सरकते

बांधणारा काम सुरू करण्यापूर्वीच प्रकल्पाचे पंजीयन करतो. मग एक सल्लागार नेमला जातो, कारण हे काम कागदांचे आहे आणि ढीगभर आहे. नकाशे, भिंतींचा आणि काचेचा तपशील, नळांतून मिनिटाला किती पाणी येते, दिवे किती वॉटचे, कुठली झाडे राहणार, कुठली हलवणार, वरच्या थराची सुपीक माती कुठे जपून ठेवणार, हे सारे लेखी द्यावे लागते. संगणकावर इमारतीचे रूप उभारून वर्षभरात तिला किती वीज लागेल याचा अंदाज काढतात. परीक्षक शंका काढतात, सल्लागार उत्तरे देतो. यातून जो निकाल लागतो त्याला ‘प्री-सर्टिफिकेशन’ म्हणतात, म्हणजे पूर्व-प्रमाणपत्र.

यानंतर खरे बांधकाम. येथे पुरावे गोळा करायचे असतात. राख मिसळलेल्या सिमेंटची किंवा विटांची बिले, रंगाच्या डब्यांवरचा तपशील, पाण्याच्या तपासणीचे अहवाल, धूळ उडू नये म्हणून लावलेल्या पत्र्यांची छायाचित्रे, मजुरांसाठी संडास आणि पिण्याच्या पाण्याची सोय. (ही शेवटची अट आम्हाला फार आवडली. घर हिरवे आणि ते बांधणारा मजूर उघड्यावर, हे कसे चालेल?) ‘गृह’चे परीक्षक बांधकाम चालू असताना जागेवर येऊनही पाहतात.

इमारत पूर्ण झाली की नकाशात होते ते आणि प्रत्यक्षात झाले ते यांचा ताळमेळ घेतला जातो. मग अंतिम दर्जा मिळतो. ‘गृह’चा दर्जा पाच वर्षांपुरता असतो, पुढे तो नव्याने तपासून घ्यावा लागतो.

आता पालकांनी नीट ध्यान द्यावे अशी जागा. पूर्व-प्रमाणपत्र म्हणजे प्री-बोर्ड परीक्षा. मूल हुशार आहे, तयारी चांगली आहे, एवढेच त्यातून कळते. प्री-बोर्डच्या गुणांवर कोणी कॉलेजात प्रवेश देत नाही. घरांच्या बाजारात मात्र प्री-बोर्डच्या गुणांवरच पेढे वाटले जातात, कारण फ्लॅटची विक्री इमारत उभी राहण्यापूर्वी होते आणि त्या वेळी दाखवायला दुसरे काही नसतेच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने येथला वाट्याचा हिस्सा विकून पुण्याकडे असे ‘प्री-सर्टिफाइड’ घर घेतले. राहायला जाऊन तीन वर्षे झाली, अंतिम प्रमाणपत्र विचारले की बांधणाऱ्याच्या ऑफिसातून ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळते. दोन वर्षे तर पश्चिमेकडच्या खोलीत दुपारी कोणाला बसवत नव्हते, शेवटी त्यांनी स्वतःच्या खर्चाने बाहेरून चिकाचे पडदे लावले.

बांधणाऱ्याला यात काय मिळते?

कोणी इतका कागदोपत्री खटाटोप केवळ पुण्यासाठी करत नाही. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे उदाहरण यात शिकण्यासारखे आहे. तिने ‘गृह’शी जोडून घेतले आणि ताऱ्यांच्या संख्येप्रमाणे बांधणाऱ्याच्या प्रीमियम शुल्कात १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट देण्याची योजना आखली. राहणाऱ्यांनाही मिळकत करात सवलत ठेवली. शेजारच्या पुणे महापालिकेनेही त्याच सुमारास ‘इको-हाउसिंग’ नावाने आपली वेगळी पद्धत बसवून पाहिली होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत तीन, चार आणि पाच तारे मिळवणाऱ्या इमारतींना अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के जास्तीचे चटई क्षेत्र देण्याची सोय झाली. कबूल केलेला दर्जा शेवटी मिळाला नाही तर दंडाचीही तरतूद आहे.

जास्तीचे चटई क्षेत्र म्हणजे त्याच जमिनीवर विकायला जास्त फ्लॅट. यात गैर काही नाही. चांगल्या कामाला बक्षीस असावेच. मात्र बक्षीस पुष्कळसे बांधणाऱ्याच्या खिशात आणि बिल राहणाऱ्याच्या दारात, अशी वाटणी असल्यामुळे घर घेणाऱ्याने गुणपत्रिका उघडून पाहणे जास्तच गरजेचे होते.

कोणत्या विषयात किती?

‘गृह’च्या सुरुवातीच्या आवृत्तीत ३४ कसोट्या आणि १०० गुण होते, शिवाय नव्या कल्पनांसाठी ४ गुण वेगळे. पन्नासपासून पहिला तारा सुरू होई. २०१९ च्या आवृत्तीत पहिला तारा २५ गुणांपासून आणि पाचवा ८६ पासून आहे. इतर पद्धतींतही गुणांची बेरीज हाच पाया, जोडीला काही सक्तीच्या अटी.

बेरजेचा एक दोष आम्ही शिक्षक चांगला ओळखतो. गणितात काठावर असलेला मुलगा चित्रकला आणि कार्यानुभवाच्या जोरावर प्रथम श्रेणीत येऊ शकतो. तसेच, बागेसाठी, कचऱ्याच्या डब्यांसाठी, सायकली ठेवण्याच्या जागेसाठी, इलेक्ट्रिक गाडीच्या प्लगसाठी चांगले गुण मिळवलेली इमारत मे महिन्यात आतून भट्टी असू शकते. म्हणून एकूण दर्जा न विचारता विषयवार गुण मागावेत. आमच्या मते ग्वाल्हेरमध्ये पाहण्याचे विषय तीनच आहेत, ऊन, वारा आणि पाणी. बाकीचे असले तर उत्तमच.

प्रथम ऊन. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ नावाची नियमावली काढली. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांसाठी ती आहे आणि राज्याने आपल्या नियमांत घेतली की बंधनकारक होते. तिच्यात एक सुंदर मोजमाप आहे. बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांतून उन्हाळ्याच्या काळात घरात सरासरी किती उष्णता शिरते, ते दर चौरस मीटरला वॉटमध्ये काढायचे, आणि ते १५ पेक्षा जास्त असता कामा नये. विद्यार्थ्यांनो, गणित करून पाहा. एखाद्या फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती खिडक्यांसह ६० चौरस मीटर धरल्या, तर ६० गुणिले १५ म्हणजे ९०० वॉट. आपल्या घरातली इस्त्री साधारण एवढ्याच वॉटची असते. म्हणजे नियमात बसणाऱ्या घरातसुद्धा अखंड एक इस्त्री चालू ठेवल्याइतकी उष्णता येते. नियमात न बसणाऱ्या घरात दोन-तीन इस्त्र्या. मग पंखा काय करणार, तो गरम हवाच फिरवणार.

ही उष्णता भिंत कशाची आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. हल्ली उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सहा इंची सलग काँक्रीटची भिंत सर्रास असते. काम झपाट्याने होते, भिंत मजबूतही होते. पण आठ इंची सच्छिद्र हलक्या ब्लॉकच्या भिंतीच्या मानाने तिच्यातून चौपट तरी उष्णता आत येते. विटेची नऊ इंची भिंत या दोहोंच्या मध्ये. त्यात पश्चिमेला मोठी काच आणि वर छज्जा नाही, असे असेल तर विचारायलाच नको. वरच्या मजल्यावरच्यांनी छताचे पाहावे. छतावर उष्णता अडवणारा थर आहे का, वर पांढरी फरशी किंवा फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर आहे का, हे विचारायला इंजिनिअर लागत नाही.

आता वारा, आणि हा आमच्या सर्वांत आवडीचा भाग, कारण तो फुटपट्टीने तपासता येतो. त्याच संहितेत म्हटले आहे की घराच्या चटई क्षेत्राच्या ठरावीक टक्के जागा बाहेर उघडणारी असावी. आपला प्रदेश त्यांच्या वर्गवारीत ‘संमिश्र’ हवामानाचा, म्हणजे भाजणारा उन्हाळा, दमट पावसाळा आणि कडक थंडी, तिन्ही असलेला. त्यासाठी हे प्रमाण साडेबारा टक्के. चटई क्षेत्र ६४० चौरस फूट असेल तर ८० चौरस फूट हवी. समजा घरात चार फूट बाय चार फुटाच्या सहा खिडक्या आहेत. एकीचे क्षेत्र १६, सहांचे ९६. म्हणजे घर पास, असे वाटेल. पण थांबा. या खिडक्या जर दोन काचांच्या सरकत्या असतील, तर एक काच दुसरीमागे जाते आणि अर्धीच खिडकी उघडते. संहितेतही अशा खिडकीचे निम्मेच क्षेत्र मोजतात. ९६ चे झाले ४८. बाल्कनीचे सरकते दार सहा बाय सात म्हणजे ४२ चौरस फुटांचे, त्याचे निम्मे २१. बेरीज ६९. घर नापास! त्याच सहा खिडक्यांना पूर्वीसारखी बाहेर उघडणारी पाखे लावली तर नव्वद टक्के क्षेत्र मोजले जाते, म्हणजे ८६ हून थोडे अधिक, आणि बाल्कनीचे २१ धरून १०७. घर आरामात पास. भिंत तीच, भोके तीच, फक्त पाखे बदलली.

आपल्या जुन्या घरांत सरकती खिडकी कोणी पाहिली आहे? पूर्ण उघडणारी लाकडी पाखे, दाराच्या वर झरोका, मध्ये चौक. त्या चौकातून गरम हवा वर जाई आणि खालच्या ओसरीतली गार हवा खोल्यांत फिरे. दोन-दोन फूट जाड दगडी भिंतींमुळे दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई.

पण जुन्याचे गोडवे गाताना खरेही सांगायला हवे. छतावरच्या दगडी पटिया दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडत, म्हणून तर सारे लष्कर उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून झोपत असे. मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लागे. पावसाळ्यात पटियांच्या सांध्यांतून टिपटिप चाले आणि स्वयंपाकघरातल्या धुराने आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे गेले. आज एखाद्या जुन्या घराची ‘गृह’च्या कसोट्यांवर परीक्षा घेतली तर भिंती आणि चौकाला पैकीच्या पैकी मिळतील, उजेड आणि स्वयंपाकघराला फार कमी. कोणी जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधणार असतील त्यांना मात्र एक गोष्ट सांगतो. जुने सागवानी दरवाजे, दगड, पटिया पुन्हा वापरणे याला या सर्व पद्धतींत मोल आहे. भंगारवाल्याला देण्यापूर्वी विचार व्हावा.

तिसरे पाणी. ग्वाल्हेर तिघऱ्याच्या पाण्यावर जगते. सांक नदीवरचे हे धरण १९१६ सालचे. तेथे विश्वेश्वरय्या यांनी आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांची योजना वापरली होती. म्हणजे पुणे आणि ग्वाल्हेर यांचे पाण्याचे नातेही जुने आहे. एक दिवसाआड पाणी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आता हिशेब करा. शंभर चौरस मीटरचे छत आणि वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस धरला तर छतावर ८०,००० लिटर पाणी पडते. वाफ आणि गळती यांसाठी पाचवा हिस्सा सोडला तरी ६४,००० लिटर उरते. पाच जणांच्या घराला रोज साडेसहाशे लिटर लागत असेल तर जवळजवळ शंभर दिवसांचे पाणी झाले. प्रमाणपत्राच्या पद्धतींत हे पाणी साठवणे किंवा जमिनीत मुरवणे याला गुण आहेत, कमी धारेच्या नळांना आहेत, तीन आणि सहा लिटरच्या दुहेरी बटणाच्या फ्लशला आहेत आणि सांडपाणी शुद्ध करून बागेला व फ्लशला वापरण्यालाही आहेत.

विजेच्या उपकरणांविषयी दोनच ओळी, कारण ती आपण केव्हाही बदलू शकतो, भिंत बदलू शकत नाही. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास आणि वर्षाला २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात.

राहायला गेल्यानंतर

प्रमाणपत्र मिळते त्या दिवशी इमारत नवी कोरी असते. परीक्षक गेले की पुढचे तिच्यात राहणाऱ्यांच्या हाती. सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र चालवायला वीज लागते, माणूस लागतो. सोसायटीच्या सभेत खर्च कमी करण्याची चर्चा निघाली की पहिली कुऱ्हाड अनेकदा त्यावर पडते. पाणी मुरवण्याचा खड्डा दर पावसाळ्यापूर्वी गाळ काढून साफ केला नाही तर दोन-तीन वर्षांत तो नुसता शोभेचा उरतो. गच्चीवरच्या सौर पट्ट्यांवर आपल्याकडची लाल धूळ बसली की वीज कमी होते. फलक मात्र प्रवेशद्वारावर चमकत राहतो. ‘गृह’ने पाच वर्षांची मुदत ठेवली आहे ती याच कारणाने योग्य वाटते. आम्हाला विचाराल तर ही मुदत फलकावरही मोठ्या अक्षरांत असावी, औषधाच्या बाटलीवर असते तशी.

घर घेणाऱ्या पालकांनी काय मागावे? दर्जा देणाऱ्या संस्थेचे नाव आणि पंजीयन क्रमांक. तो प्रकल्प त्या संस्थेच्या यादीत आहे का, हे आपल्या मुलांपैकी कोणीही संगणकावर पाहून देईल. मग हा दर्जा पूर्व आहे की अंतिम, आणि पूर्व असेल तर अंतिम केव्हापर्यंत आणण्याचे बांधणारा कबूल करतो, ते करारनाम्यात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. विषयवार गुणांची प्रत मागावी. ती द्यायला बांधणारा कचरत असेल तर तेही एक उत्तरच समजावे. आणि शक्य झाले तर मे महिन्यात दुपारी तीनला घर बघायला जावे, संध्याकाळी सहाला नव्हे. दलाल नेहमी संध्याकाळी बोलावतात.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. मध्य प्रदेशचे रेरा प्राधिकरण भोपाळला आहे, महाराष्ट्राचे वेगळे. तेव्हा ते हिरवे पान छापलेली पुस्तिका रद्दीत देऊ नका. रजिस्ट्रीच्या कागदांबरोबर जपून ठेवा.

विश्वस्त मंडळींसाठी एक निवेदन. शाळेच्या मागच्या जुन्या पडवीच्या जागी चार नव्या खोल्या बांधण्याचा विचार सुरू आहे. एवढ्या लहान कामाला प्रमाणपत्र घ्यावे की नाही, हा खर्चाचा प्रश्न आहे आणि त्यावर मंडळ ठरवील ते आम्हाला मान्य. पण प्रमाणपत्र न घेताही नकाशा त्या कसोट्यांवर तपासून घेता येतो. पश्चिमेला काच नको, खिडक्यांना पूर्ण उघडणारी पाखे हवीत, छतावर पांढरा थर हवा आणि छताचे पाणी विहिरीकडे वळवावे, एवढे चार मुद्दे ठेकेदाराशी बोलण्यापूर्वीच कागदावर यावेत, अशी आमची विनंती आहे. जुन्या पडवीच्या पटिया निघतील त्या व्हरांड्याच्या फरशीला वापरता येतील, असे मिस्तरींचेही म्हणणे आहे.

आता विद्यार्थ्यांचे काम. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील सर्व खिडक्या आणि बाहेर उघडणारी दारे टेपने मोजावीत. जिन्यात किंवा बंद बोळात उघडणारे मुख्य दार धरू नये. सरकत्या दोन काचांच्या खिडकीचे निम्मे, पाख्यांच्या खिडकीचे नव्वद टक्के क्षेत्र घ्यावे आणि चटई क्षेत्राशी टक्केवारी काढावी. ज्यांच्या घरी थर्मामीटर असेल त्यांनी सात दिवस दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता एकाच खोलीतील तापमान लिहावे. खोली कितव्या मजल्यावर, कोणत्या दिशेला आणि भिंत कशाची, हेही लिहावे. जुन्या घरात राहणाऱ्यांनी पटियांच्या छताखालच्या आणि चौकालगतच्या अशा दोन खोल्यांच्या नोंदी घेतल्या तर फार छान तुलना होईल. ज्यांचे मोठे बहीण-भाऊ पुण्या-मुंबईकडे फ्लॅटमध्ये राहतात त्यांनी फोन करून तिथलीही मापे मागवावीत. वह्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्याव्यात. सर्वांच्या नोंदींचा तक्ता पुढच्या अंकात छापू, घरमालकांची नावे न देता.